पावसाळा, बाळुती आणि लंगोटाची लाली

पावसाळ्यात घरात तान्हे मूल असले की दिवसभराचे सारे नियोजन दोरीवरच्या बाळुत्यांभोवती फिरते. आमच्या ठाण्यातल्या घरात जुलैभर दिवाणखान्यात पंख्याखाली आडवी दोरी बांधलेली होती, आणि वरून कोरडी वाटणारी बाळुती घडीच्या आत हमखास दमट निघत असल्यामुळे ती इस्त्री करूनच वापरावी लागत. तरीही मुलीच्या कुल्ल्यांवर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला लाली यायची ती आलीच.

लघवीमुळे त्वचा भाजते, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. पण खरा उपद्रव शी आणि लघवी एकत्र आल्यावर होतो. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. ओलाव्याने ती आधीच मऊ पडलेली असते, त्यात शीमधल्या जंतूंच्या क्रियेने लघवीतल्या युरियाचा अमोनिया होतो, आम्लता घटते आणि त्यामुळे शीमधली पाचक द्रव्ये अधिक जोमाने त्वचेवर काम करू लागतात. जुलाब लागले की एका रात्रीत कातडी सोलवटल्यासारखी होते, ती यामुळेच. म्हणून शीचा लंगोट, मग तो कापडी असो वा डायपर, लक्षात येताच बदलणे हा सर्वांत मोठा उपचार आहे.

स्वच्छतेसाठी कोमट पाणी आणि कापूस पुरेसा असतो. सुगंधी वाइप्स लाल झालेल्या जागी झोंबतात. पुसताना न घासता मलमलच्या जुन्या फडक्याने ओल टिपून घ्यावी, मग रबरी कापडावर दुपटे अंथरून बाळाला थोडा वेळ उघडेच ठेवावे (दुपटे भिजणार, हे गृहीत धरूनच), आणि त्यानंतर झिंक ऑक्साइडचे मलम जाडसर थापावे. पुढच्या वेळी तो थर पूर्ण खरवडून काढण्याची गरज नसते. वरची घाण निघाली की उरलेल्या थरावर नवे मलम लावता येते. बाळुती साध्या साबणाने धुऊन, एक पाणी जास्त काढून खळबळावीत आणि शेवटच्या पाण्यात जंतुनाशक किंवा सुवासिक द्राव घालण्याचा मोह टाळावा.

पावडरीवरून आमच्या घरी बरीच चर्चा झाली. सासूबाईंचे म्हणणे, त्यांची चारही मुले पावडरीवरच वाढली. ते खरेच होते, पण टाल्कची बारीक धूळ बाळाच्या श्वासातून फुप्फुसात जाऊ शकते, शिवाय ओल लागली की घड्यांमध्ये तिच्या गुठळ्या होऊन त्या घासतात. मालिशवाल्या मावशींना त्या भागापुरते डाळीचे पीठ नको, हे सांगणे त्याहून अवघड गेले.

यात पाहण्यासारखी खरी जागा म्हणजे जांघेची घडी. ओल आणि घासणे यांनी आलेली लाली सहसा लंगोट टेकतो त्या उंचवट्यांवर असते आणि घडीच्या आतली त्वचा बरी राहते. याउलट, घडीतच गडद लाल चट्टा पडला असेल आणि त्याच्या कडेबाहेर बारीक लाल पुटकुळ्या विखुरलेल्या असतील, तर बहुधा बुरशीचा संसर्ग असतो. बाळाला नुकतीच अँटिबायोटिक औषधे दिलेली असतील, तर ही शक्यता वाढते. अशा वेळी नुसत्या झिंकने भागत नाही. डॉक्टरांनी दिलेले बुरशीनाशक मलम लागते.

बऱ्याच घरांच्या औषधांच्या डब्यात खाजेवरची एखादी अर्धी ट्यूब पडलेली असते, आणि तिच्यात बुरशीनाशकाबरोबर तीव्र स्टिरॉइडही असण्याची शक्यता असते. ती बाळाला लावू नये. लंगोटाखाली झाकलेल्या, नाजूक त्वचेतून स्टिरॉइड जास्त प्रमाणात शोषले जाते आणि त्वचा पातळ होते. लाली मात्र लगेच ओसरते, त्यामुळे औषध लागू पडले असे वाटून ते पुन्हा पुन्हा लावले जाते. दोन-तीन दिवस नीट काळजी घेऊनही उतार नसेल, फोड, पू किंवा ताप दिसत असेल, अथवा बाळ महिन्याच्या आतले असेल, तर थेट बालरोगतज्ज्ञांकडे जावे आणि घरी आधी काही लावले असेल, तर ती ट्यूबही सोबत न्यावी.