दोन लूप दिसले की एन वर्ग?

एक ते एनपर्यंतच्या प्रत्येक संख्येला किती विभाजक आहेत, एवढंच काढायचं होतं. एन 10 लाख. लूप म्हणजे कोडच्या त्याच ओळी पुन्हापुन्हा चालवणं. बाहेरच्या लूपमध्ये आय एक ते एन असा वाढतो, आतला लूप आयच्या पटींवरून उड्या मारत एनपर्यंत जातो आणि वाटेतल्या प्रत्येक पटीच्या खात्यात एक टाकतो. पाच मिनिटांत लिहून झालं, आणि मी ते पुसून टाकलं.

कारण 'लूपमध्ये लूप म्हणजे एन वर्ग' हे शिकवताना इतकं घोकून घेतलेलं! 10 लाखांचा वर्ग म्हणजे 1 लाख कोटी पावलं. म्हटलं, हे कसलं संपतंय. पुढचे दोन दिवस 'हुशार' पद्धत शोधण्यात गेले. अजून आठवलं की चिडचिड होते.

शेवटी वैतागून कागद घेतला. एन 10. आय एक असताना आतला लूप 10 वेळा फिरतो, दोनला 5, तीनला 3, मग 2, 2 आणि पुढे एकेक. बेरीज 27. शंभर नाही, 27! मग आतली ओळ किती वेळा चालते ते मोजणारा काउंटर कोडमध्ये टाकला (हे खरं तर पहिल्याच दिवशी करायचं): 100 ला 482, 1000 ला 7069. वर्ग असता तर एन दहापट झाल्यावर आकडा शंभरपट व्हायला हवा होता.

म्हणजे एकूण पावलं साधारण एन गुणिले (1 + 1/2 + 1/3 + ... + 1/एन). या कंसापाशी मी तासभर अडलो. सुटलं ते गट पाडल्यावर. 1/2 आणि 1/3 मिळून एकाहून कमी. 1/4 ते 1/7 हे चार, प्रत्येक जास्तीत जास्त पाव, म्हणजे तेही मिळून एकाच्या आत. पुढच्या गटात आठ, मग सोळा. गटाची लांबी दरवेळी दुप्पट, म्हणून 1000 पर्यंत गट जेमतेम दहा. झालं, कंस लॉग एनच्या (एकाला किती वेळा दुप्पट केलं की एन येतो, तो आकडा) घरातला आणि सगळं मिळून एन लॉग एन.

लूप किती आहेत ते मोजू नका, आतली ओळ किती वेळा चालते ते मोजा. आणि हो, एन दुप्पट करूनही बघा: वर्ग असेल तर आकडा चौपट होतो, इथे दुपटीहून थोडाच जास्त झाला.

तिसऱ्या दिवशी तोच कोड जसाच्या तसा पुन्हा टाइप केला. 10 लाखांना पावलं भरली 1 कोटी 40 लाखांच्या आसपास. एंटरवरून बोट उचलेपर्यंत उत्तर समोर.