मम्मीचा काउंट

खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, पण मी लॅपटॉप उघडला की ओजूला नेमकी तेव्हाच शी लागते. आज दोन्ही पोरं आजीबरोबर शेतात गेलीत म्हणून बसलेय.

२०२३ च्या मे महिन्यात माझं डाव्या बाजूचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीपण काढल्या, आणि १९ जूनला पहिली केमो. मनू तेव्हा सात वर्षांची, नुकतीच दुसरीत गेलेली, ओजू सव्वातीन. आम्ही साताऱ्यात, ट्रीटमेंट पुण्यात. आधी चार डोस, दर २१ दिवसांनी एक, मग दर आठवड्याला एक असे बारा. जाताना बोगदा लागायचा तेव्हा काही कळायचं नाही, पण येताना खंबाटकी घाट चढून यावं लागायचं, आणि केमो घेऊन खंबाटकी म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच माहिती. मी डोळे मिटून लिंबू हुंगत बसायचे आणि वळणं मोजायचे.

पण खरं सांगू का, हॉस्पिटलातलं परवडलं. खुर्चीत चार-पाच तास बसायचं, सिस्टर सगळं बघतात. घरी आलं की दारात दोन पोरं उभी, आणि त्यातल्या एकाला लगेच कडेवर यायचं असतं. आता घ्यायचं कुठल्या हातानं? डावा हात ऑपरेशनचा, त्याला ओझं नको, सुई नको, बीपीचा पट्टा नको, साधा ओरखडासुद्धा नको. उजव्या दंडात पिक लाइन, म्हणजे एक बारीक नळी आत थेट छातीपर्यंत गेलेली आणि तिचं शेपूट बाहेर. ओजूने तिचं नाव ठेवलं उंदीर. अंघोळीच्या आधी त्या दंडाला प्लास्टिक गुंडाळावं लागायचं, पाणी जाऊ नये म्हणून, ते काम मनूने स्वतःकडे घेतलं होतं, डब्यातली पोळी गुंडाळल्यासारखी गुंडाळायची आणि वर चिकटपट्टी.

मनूला आम्ही सुरुवातीला खोटं सांगितलं होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, आम्हाला सारखी कसली ना कसली ट्रेनिंगं असतातच, त्यामुळे "मम्मी ट्रेनिंगला गेलीय" हे तिला एकदम पटलं. दहा-बारा दिवसच टिकलं ते. खाली खेळताना कुणीतरी सांगितलं, तुझ्या मम्मीला कॅन्सर झालाय, माझी आजी म्हणत होती. ही वर आली, काही बोलली नाही, फक्त माझ्या ग्लासातलं पाणी प्यायची बंद झाली. दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं. मग आम्ही दोघांनी तिला बसवून सगळं नीट सांगितलं, गाठ होती, काढली, आता परत येऊ नये म्हणून औषध, हा सर्दीसारखा एकाकडून दुसऱ्याला होत नाही. ऐकून घेतलं तिने आणि विचारलं काय, तर "मी झोपेत तुला लाथ मारायचे ना, तिथंच लागलं का?"

म्हणजे ही बाई इतके दिवस ते डोक्यात घेऊन फिरत होती. कुणाच्या घरात असं काही चालू असेल तर माझं एवढंच ऐका, पोरांना सांगा, आणि सांगताना तुझ्यामुळे नाही झालं हे त्यांनी विचारायच्या आत सांगा.

पहिल्या चार डोसांतलं एक औषध लालभडक असतं, रसना सरबतासारखं. ते घेतल्यावर एक-दोन दिवस लघवीपण लाल होते. सिस्टरनी सांगितलेलं, ४८ तास शक्यतो तुमचा संडास वेगळा ठेवा, झाकण लावून दोनदा फ्लश करा. आमच्या घरात एकच संडास आणि ओजू त्याच महिन्यात भांडं सोडून मोठ्या माणसासारखा बसायला शिकत होता. सासूबाईंनी न बोलता त्याचं जुनं भांडं माळ्यावरून काढलं. दर २१ दिवसांनी दोन दिवस तो परत बाळ व्हायचा, आणि मला वाटायचं सगळा अपमान त्याचाच चाललाय.

आता काउंट. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी खाली जातात, तेव्हा इन्फेक्शनची भीती सगळ्यात जास्त. दर डोसाच्या आधी रक्त तपासायचंच, मध्येपण एकदा. पप्पा फोनवर काउंट सांगायचे ते मनू ऐकायची, तिला वाटलं हे मार्क आहेत. शाळेतून आली की दप्तर न काढता "आज काउंट किती?" एकदा अकराशे आले तर ही खूश, म्हणे एवढे जास्त! तिला समजावलं की चार हजारच्या वर लागतात, तर म्हणाली म्हणजे नापास. मग घरात नियमच झाला, मम्मी नापास असली की बाहेरून आल्यावर आधी साबणाने हात, कपडे बदलायचे, सर्दी असेल तर मास्क, पापी घ्यायची तर डोक्याच्या मागच्या बाजूला. कोशिंबीर बंद, बाहेरचं बंद, फळ असेल तर सोलून.

आषाढी एकादशी तेव्हा २९ जूनला होती, आदल्या दिवशी शाळेची दिंडी, आणि मनू रखुमाई. पहिल्या डोसाचा दहावा दिवस. एवढ्या गर्दीत जायचा प्रश्नच नव्हता. तरी ह्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि काचा बंद करून आम्ही आत बसून राहिलो. हिरवं नऊवारी, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, कमरेवर हात, आणि चालताना ही सारखी त्या मुकुटाला धरतेय. गाडीजवळ आली तेव्हा तिने कमरेवरचा एक हात काढून हलवला, लगेच बाईंनी तिचा हात उचलून परत कमरेवर ठेवला. ते बघून मी इतकी हसले की टाके दुखायला लागले. रडलेपण. ह्यांनी एसी वाढवला, त्यांना अशा वेळी दुसरं काही सुचत नाही.

केस गुरुपौर्णिमेच्या सुमारास गळायला लागले. आणि इथे आमचा सगळ्यात मोठा घोळ झाला. ओजू जन्मल्यापासून माझे केस बोटाला गुंडाळत झोपतो. दुसरं काही चालत नाही, ह्यांनी त्याला आजीची वेणी देऊन बघितली, बाहुलीचे केस देऊन बघितले, फेकून दिले. एका रात्री तो झोपला आणि मी उठले तर त्याच्या मुठीत गुच्छ तसाच राहिला. सकाळी त्याने तो मला परत आणून दिला, "घे तुझे." दुसऱ्या दिवशी ह्यांनी ट्रिमर फिरवला. मनूने विचारलं थंडी वाजते का, ओजूने फक्त हात फिरवला आणि म्हणाला काटेरी. पुढच्या तीन रात्री कुणीच झोपलं नाही. स्कार्फची टोकं, कानाची पाळी, सगळं तपासून झालं, शेवटी त्याला माझ्या डाव्या कोपराची सैल कातडी सापडली. ती चिमटीत धरून झोपायला लागला. डाव्या हाताला ओरखडा नको म्हणून मग दर रविवारी त्याची नखं कापायचा कार्यक्रम, त्याच्या रडण्यासकट.

पेगची गंमत सांगायची राहिली. काउंट फार पडू नयेत म्हणून केमोच्या दुसऱ्या दिवशी पोटात एक इंजेक्शन, त्याला सगळे पेग म्हणतात. ते फ्रिजमध्ये ठेवायचं असतं, त्यामुळे पुण्याहून थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या घालून आणायचं. थर्माकोलचा डबा बघितल्यावर पोरांना आइसक्रीमशिवाय काय वाटणार. त्यात ह्यांनी फोनवर मोठ्याने "हो हो, उद्या तिला पेग द्यायचाय" म्हटलं, आणि नेमके सासऱ्यांचे मित्र बसलेले. पेगनंतर मात्र कंबरेची हाडं अशी ठणकायची की हसू पार जायचं. आणि केमोबरोबर देतात त्या स्टेरॉइडमुळे झोप नाही, पहिल्या डोसाच्या रात्री तीन वाजता मी मनूच्या सगळ्या वह्यांना खाकी कव्हरं घालून, लेबलं चिकटवून मोकळी झाले होते.

सल्ले देणाऱ्यांबद्दल मी जास्त लिहीत नाही, बीपी वाढतं. गव्हांकुर, पपईच्या पानाचा रस, गोमूत्र, सगळं दारात आलं. एक बाई तर पोरांसमोर म्हणाल्या, लहान लेकरं आहेत गं, देव असं कसं करतो. मनू आतून ओरडली, "तिचे काउंट आलेत, पास आहे ती!"

पोलिओ रविवार आला तेव्हा आणखी एक. तोंडातून द्यायच्या डोसात जिवंत विषाणू असतो, तो मुलाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडत राहतो, म्हणून घरात माझ्यासारखं कुणी असेल तर थेंब नको, इंजेक्शनचा डोस घ्या असं डॉक्टरांनी सांगितलेलं, तो ओजूने घेतलाही होता. आशाताईंना दारात समजावून सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं. पण ओजूने गोंधळ घातला, गल्लीतल्या सगळ्यांच्या करंगळीवर शाई, माझ्याच नाही. मनूने स्केचपेनने लावून दिली, दहाही बोटांना.

तिसऱ्या डोसानंतर ताप आला, १०१. आमच्याकडे फ्रिजवर लिहून ठेवलेलं होतं, १००.४ च्या वर गेलं की वाट बघायची नाही, रात्री किती का वाजले असेनात. तीन दिवस अ‍ॅडमिट. ओजूची सर्दीच असणार, पण हे त्याला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही आणि सांगणारपण नाही.

पुढचे बारा डोस साताऱ्यातच मिळाले. त्यांनी पोट बरं राहिलं पण बोटांच्या टोकांना मुंग्या, मग बधिरपणा. दिवाळीत रांगोळीची चिमूट धरलीय की सुटलीय ते बघितल्याशिवाय कळेना. ब्लाउजचे हुक मनू लावून द्यायची, एक हुक चुकला की खालपासून परत. कंदी पेढासुद्धा तेव्हा मला लोखंडासारखा लागायचा, साताऱ्यात राहून!

२७ नोव्हेंबरला शेवटचा डोस झाला. मग रेडिएशन, ते वेगळं लिहीन कधीतरी. केस आता खांद्यापर्यंत आलेत, आधी सरळ होते, आता कुरळे. मागच्या आठवड्यात ओजू शेजारी झोपायला आला तेव्हा मी मुद्दाम केस सोडून त्याच्या बाजूला केले. त्याने ते उचलून माझ्या तोंडावर टाकले आणि कोपर शोधायला लागला.