ॲशबर्नमध्ये घर घेताना शाळेची हद्द बघावी का?

न्यू जर्सीहून, पुण्याहून फोन येतात आणि प्रश्न ठरलेला असतो : "ताई, ॲशबर्नला घर बघतोय. कुठल्या शाळेच्या हद्दीत घेऊ?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. इथे घराच्या पत्त्यावरून मुलांची सरकारी शाळा ठरते, ती तिची हद्द. पण हद्दीच्या भरवशावर घर घेऊ नका. आजूबाजूच्या मोकळ्या जमिनींवर काय मंजूर झालंय, ते आधी बघा.

ॲशबर्न ज्यात येतं त्या व्हर्जिनियातल्या आमच्या लाउडन काउंटीची (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) लोकसंख्या १९९० साली जेमतेम ८६ हजार होती. २०२० मध्ये ती ४ लाख २० हजारांवर गेली. इतकी घरं उठली की शाळा तुडुंब भरतात, नवी बांधावी लागते आणि ती भरायची तर जुन्या शाळांच्या हद्दी मोडाव्याच लागतात. २०१२ ला जॉन चॅम्प, २०१४ ला रॉक रिज, २०१९ ला इंडिपेन्डन्स, २०२० ला लाइटरिज : दर नव्या हायस्कूलबरोबर आसपासचा नकाशा बदलत गेला. एजंटने सांगितलेलं शाळेचं नाव फक्त आजच्यापुरतं खरं असतं.

इमारत उभी राहीपर्यंत वर्ग ट्रेलरमध्ये, म्हणजे आवारात ठेवलेल्या तात्पुरत्या खोल्यांत भरतात. माझ्या मुलीचा चौथीचा वर्ग तसाच होता. बाथरूमला जायचं तर लाकडी रॅम्प उतरून, मोकळं आवार ओलांडून मुख्य इमारतीत. पावसाळी दिवसात ती दुपारपर्यंत पाणीच प्यायची नाही.

हद्दबदलाच्या सुनावणीला एकदा जाऊन बसा. "मुलं चालत शाळेत जातात, त्यांना बसमध्ये का घालता?" "एकदा शाळा बदलली, आता पुन्हा?" ही तळमळ खरी असते. पण 'त्या अपार्टमेंटमधली मुलं आमच्याकडे नकोत' असं आडून सुचवलं जातं, तेव्हा माझा संताप होतो. त्यात आपली मराठी माणसंही असतात.

आता पैशांचं. शाळा चालवणारं स्कूल बोर्ड निवडून येतं, पण कर लावायचा अधिकार त्याला नाही. पैसा सुपरवायझर बोर्डाच्या, म्हणजे काउंटीचा कारभार बघणाऱ्या मंडळाच्या हाती. इमारतींसाठी कर्जरोखे काढताना सहसा मतदारांचा कौल घेतात, शिक्षकांचे पगार मात्र दरवर्षीच्या बजेटातून. डेटा सेंटरमधल्या यंत्रसामग्रीवरच्या करातून काउंटीला भरघोस उत्पन्न मिळतं आणि त्यांच्यामुळे शाळांवर घरांसारखा बोजा पडत नाही. घरावरच्या कराचा दर उतरवण्याआधी हा पैसा पक्क्या वर्गखोल्यांना आणि शिक्षकांना मिळावा, असं माझं ठाम मत आहे. मी दर वर्षी बजेटच्या सुनावणीत तेच मांडते.

"आम्ही व्हिसावर, आम्हाला कोण विचारतंय?" असं पुष्कळजण म्हणतात. मत देता येत नाही हे खरं. पण कर तुम्ही भरता, मुलं तुमची शिकतात आणि सुनावणीत बोलायला नागरिकत्व लागत नाही. नाव नोंदवा आणि बोला. बजेट एप्रिलच्या सुमारास मंजूर होतं, म्हणजे बोलायचं ते त्याआधीच.