फक्त क्रीवाले उंदीर

सोमवारी लॅबमधल्या उंदरांना इंजेक्शनं सुरू केली आणि बुधवारी गणपती. डोंबिवलीच्या घरचा दीड दिवसाचा बाप्पा माझ्याविना आला आणि गेला. आई फोनवर म्हणाली, "उंदीरच ना गं ते? बाप्पाचंच वाहन. त्यांनाही एक दिवस सुट्टी दे की." पण टॅमॉक्सिफेन या औषधाचे डोस सलग पाच दिवस द्यायचे असतात. लालबागची गर्दी चुकवत, मागच्या गल्ल्यांतून मी परळच्या लॅबमध्ये रोज जात राहिले.

आमचं जनुक हृदयाच्या स्नायूंत काय करतं ते बघायचं, तर ते काढून टाकून बघावं. पण सगळ्या शरीरातून काढलं की पिल्लू पोटातच मरतं. म्हणून उंदराला आधी मोठं होऊ द्यायचं आणि मग फक्त हृदयातून जनुक काढायचं. त्यासाठी जनुकाच्या नेमक्या भागाच्या दोन्ही बाजूंना लॉक्स-पी नावाच्या खुणा बसवलेल्या असतात, प्रत्येकी डीएनएच्या 34 अक्षरांच्या. असं जनुक म्हणजे आमच्या भाषेत 'फ्लॉक्स्ड'. क्री हे एन्झाइम मूळचं जिवाणूंना ग्रासणाऱ्या पी-वन विषाणूचं. ते दोन्ही खुणा पकडतं, मधला तुकडा कापतं आणि उरलेली टोकं जोडतं. लोकलचे मधले डबे काढून पुढचे-मागचे जोडावेत, तसं.

क्री हृदयातच बनावं म्हणून त्याला हृदयाच्या स्नायूतल्या जनुकाचा प्रमोटर, म्हणजे जनुक कुठे चालू व्हायचं ते ठरवणारा डीएनएचा भाग, लावलेला असतो. शिवाय आमच्या उंदरांत क्रीला इस्ट्रोजेन रिसेप्टरचे, म्हणजे इस्ट्रोजेन हे संप्रेरक पकडणाऱ्या प्रथिनाचे, तुकडे जोडलेले आहेत, त्यामुळे ते केंद्रकाबाहेरच अडकून बसतं. टॅमॉक्सिफेन मिळालं की आत शिरतं. हो, स्तनाच्या कर्करोगावर देतात तेच. टाटा हॉस्पिटलच्या आसपास केमिस्टच्या रांगेत उभे असलेले नातेवाईक दिसले की मला उगाच अपराधी वाटतं. आम्ही तेच औषध मक्याच्या तेलात विरघळवून उंदरांना टोचतो.

आता माझी चूक. पिंजरे मोजून मिळतात, म्हणून मी काटकसरीचं ब्रीडिंग आखलं: एका बाजूला जनुकाच्या दोन्ही प्रती फ्लॉक्स्ड असलेला उंदीर, दुसऱ्या बाजूला एक प्रत फ्लॉक्स्ड आणि क्री असलेला. चार पिल्लांत सरासरी एक हवं तसं निघतं. तीन आठवड्यांनी पिल्लं आईपासून वेगळी करायची, कानाचा इवलासा तुकडा घ्यायचा, पीसीआर करून त्यातल्या डीएनएच्या हव्या त्या भागाच्या भरपूर प्रती काढायच्या, मग तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करायला जेल चालवायचं. फ्लॉक्स्ड प्रतीचा पट्टा (बँड) साध्या प्रतीपेक्षा किंचित वर दिसतो. त्या 'किंचित'साठी मी कितीतरी संध्याकाळी जेलच्या फोटोकडे डोळे बारीक करून बघत बसले आहे.

क्री नसलेली, दोन्ही प्रती फ्लॉक्स्ड असलेली भावंडं माझे कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे उंदीर. त्यांनाही टॅमॉक्सिफेन दिलं, म्हणजे औषधाचा परिणाम वजा झाला, असा माझा हिशोब. इंजेक्शनं संपल्यावर काही दिवसांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला. कंट्रोल ठणठणीत, आणि जनुक काढलेल्यांच्या हृदयाची भिंत जेमतेम हलतेय. मी आनंदाने अक्षरशः टुणकन उडाले. रात्री शेवटच्या फास्टमध्ये उभ्या उभ्या पेपरचं शीर्षकही ठरवलं.

सोमवारच्या मीटिंगमध्ये सरांनी एवढंच विचारलं, "फक्त क्रीवाले कुठेत?"

नव्हतेच. माझ्या ब्रीडिंगमधून क्री आहे पण जनुकाच्या दोन्ही प्रती साध्या, असा उंदीर निघूच शकत नाही. एक प्रत फ्लॉक्स्ड आणि क्री असलेली भावंडं निघत होती, त्यांच्यावरून थोडी तरी शंका आली असती. ती मी बिनकामाची म्हणून दर वेळी यादीतून काढून टाकली होती.

शेजारच्या रॅकवर दुसऱ्या विद्यार्थिनीचे मूळ क्रीचे उंदीर होते, क्री असलेले पण जनुकाच्या दोन्ही प्रती साध्या असलेले. तिच्याकडून चार मागून घेतले, तोच डोस दिला, त्याच दिवशी इको केला. त्यांचीही हृदयं मंदावलेली. जनुकाला हातसुद्धा लावला नव्हता! क्री केंद्रकात जोरात शिरलं की जीनोममध्ये, म्हणजे उंदराच्या सगळ्या डीएनएत, लॉक्स-पीसारख्या दिसणाऱ्या इतर जागाही कापतं, डीएनएला इजा होते, आणि हृदय काही काळ ढेपाळतं. नंतर सावरतं. हे सगळं आधीच छापलेलं आहे. मीच वाचलं नव्हतं. मला राग आला तो क्रीचा नाही, त्या शेवटच्या फास्टमधल्या माझा.

पुन्हा केलं तेव्हा डोस कमी ठेवला, जनुक खरंच गेलंय का ते हृदयाच्या डीएनएवर तपासलं, आणि इकोला सहा आठवडे थांबले. फक्त क्रीवाले आता नॉर्मल. जनुक काढलेले अजूनही मागे आहेत, पण पहिल्या वेळच्या मानाने फरक फारच लहान. शीर्षकातला 'अत्यावश्यक' हा शब्द मी खोडला. खरं सांगायचं तर हा लहान फरक मला जास्त आवडतो, कारण तो आमच्या जनुकाचा आहे.

अ‍ॅनिमल हाऊसच्या काकांना मात्र हे काही पटलेलं नाही. परवा फक्त क्रीवाल्यांच्या नवीन पिंजऱ्यांवर गुलाबी कार्डं लावत होते तेव्हा म्हणाले, "ताई, ह्यांच्यात काढायला काहीच नाही म्हणता, मग ह्यांना सुया कशाला?"

मी म्हटलं, "त्यासाठीच, काका." त्यांनी मान हलवली आणि पाण्याच्या बाटल्या बदलायला गेले.