सावंतवाडी: एकशे वीस पानं मोजून घ्या

डिसेंबरात मी, ताई आणि तिचा बारा वर्षांचा मुलगा असे तिघं चार दिवस सावंतवाडीला जाऊन आलो. कोकणात चाललोय म्हटलं की समोरून प्रश्न ठरलेला: तारकर्ली का? तारकर्लीला गेलो नाही. गेलो ते गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, घ्यायला आणि चितारआळीतली लाकडी खेळणी बघायला. असं काही जमवायची आवड असणाऱ्या कुणालाही हा प्रवास करावासा वाटेल, म्हणून सगळं तपशिलाने लिहिते आहे.

आमच्या घरात जमवाजमवीचं वेड जुनं. माझ्याकडे डिस्नेच्या पार्कांतल्या तीन इंची व्हिनाइलच्या बाहुल्या आहेत, 2008 साली व्हिनाइलमेशन या नावाने निघाल्या त्या. साचा सगळ्यांचा एकच, मिकीचा. वरचं चित्र तेवढं बदलतं. बंद डबीत यायच्या, आत कुठली आहे ते उघडेपर्यंत कळायचं नाही, आणि मालिकेत एक चेसर असायचा, म्हणजे क्वचितच कुणाच्या हाती लागणारी बाहुली. भाच्याचे पोकेमॉन कार्डांचे तीन फोल्डर आहेत, एकेक कार्ड पारदर्शक खिशात. एकदा तीच कार्डं लावता लावता त्याने विचारलं, "मावशी, आपल्याकडे अशी कार्डं कधीच नव्हती का गं?" बाबराने 1527 मध्ये सिंधमधल्या शाह हुसेनला गंजिफा पाठवल्या होत्या आणि तसं त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे, हे मी त्याला सांगितलं. आणि त्याच गंजिफा आजही हाताने रंगवणारं एक गाव कोकणात आहे, हेही. त्याच आठवड्यात तिकिटं काढली.

आधी जाण्यायेण्याचं. आम्ही तुतारी एक्सप्रेसने गेलो. ती दादरहून रात्री बाराच्या पुढे सुटते, त्यामुळे तिकिटावर तारीख दुसऱ्या दिवसाची हवी. शुक्रवारी रात्री जेवून निघायचं असेल तर शनिवारचं तिकीट काढा. इथे भलेभले फसतात. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडून गेलात तर जागा मिळते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तेव्हा जुन्या वेळांवर विसंबू नका. उतरायचं सावंतवाडी रोडला. हे स्टेशन मळगावात आहे, शहरापासून बरंच लांब, आणि गाडी गेली की रिक्षाही पटापट निघून जातात. राहायच्या ठिकाणी आधी फोन करून रिक्षा सांगून ठेवली तर सामान घेऊन उभं राहावं लागत नाही. विमानाने येणाऱ्यांना गोव्यातलं मोपा विमानतळ जवळ पडतं.

राहायला मोती तळ्याच्या आसपासच बघा. तळं गावाच्या मध्यावर, काठाला राजवाडा आणि चालत जाण्याच्या अंतरावर चितारआळी. दोन दिवस आम्हाला वाहनाची गरजच पडली नाही.

आता मुख्य गोष्ट. सावंतवाडीला जाण्यापूर्वी दशावतारी गंजिफांचे दहा रंग पाठ करून जा. पत्त्यांत बदाम-इस्पिक असे चार रंग असतात, तसे इथे विष्णूच्या दहा अवतारांचे दहा. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. प्रत्येक रंगात बारा पानं: एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. एकूण 120. राजाच्या पानावर खुद्द अवतार असतो आणि आकड्याच्या पानांवर त्या अवताराची खूण तितक्या वेळा काढलेली असते. मत्स्याच्या पंजीवर पाच मासे, परशुरामाच्या तिर्रीवर तीन परशू. प्रत्येक रंगाची जमीनही, म्हणजे चित्रामागची पार्श्वभूमी, वेगळ्या रंगाची. हे एवढं डोक्यात असेल तर दुकानात समोर पसरलेली गोल पानं एकदम बोलायला लागतात. नसेल तर सुंदर चकत्या म्हणून बघून आपण बाहेर पडतो. आम्ही गाडीतच भाच्याकडून रंग घोकून घेतले. कणकवली येईपर्यंत त्याचे पाठ झाले, ताईचा मात्र बुद्ध दर वेळी राहून जायचा.

दशावतारीखेरीज मुघल गंजिफा 96 पानांच्या, नवग्रहांच्या 108, राशींच्या 144. नेहमीच्या 52 पत्त्यांचा गोल संचही मिळतो. पहिल्यांदाच घेणाऱ्याने दशावतारीच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. चित्रं ओळखीची असल्यामुळे तो संच घरात नुसता पडून राहत नाही.

राजवाड्यात सकाळीच गेलो. हा राजवाडा तिसरे खेमसावंत यांच्या काळातला. 1755 ते 1803 अशी त्यांची कारकीर्द. गंजिफांची कला आज दिसते आहे ती मात्र अलीकडच्या दोन माणसांमुळे. 1970च्या सुमाराला ही पानं रंगवणारे हात जवळजवळ संपले होते. तेव्हा राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिरांकडून कला शिकून घेतली, नव्या मुलामुलींना शिकवली आणि राजवाड्यातच काम सुरू केलं. राणीसाहेब 2018 मध्ये गेल्या. काम चालू आहे. तिकीट काढून आत गेलं की कारागीर बसलेले दिसतात, आणि माझ्या मते या सगळ्या प्रवासातला सर्वांत मोलाचा तास तोच.

एक कारागीर बाई मत्स्याची नव्वी रंगवत होत्या. समोर बैठं मेज, त्यावर लाल जमीन दिलेल्या, किनार आखलेल्या चकत्या ओळीने वाळत ठेवलेल्या. पेन्सिलीची रेघ कुठेही नाही. कुंचला टेकवला की एका वळणात माशाचं पोट, उलट वळणात पाठ, दोन फटकारे शेपटीचे. असे नऊ मासे तीन ओळींत बसवले, मग कुंचला बदलून नऊही माशांना एकामागोमाग डोळे काढले. डोळा काढताना त्या श्वास रोखत होत्या, हे मला शेजारी बसल्यामुळे कळलं. भाचा पंधरा मिनिटं एका जागी बसून होता. शेवटी हळूच म्हणाला, "मावशी, सगळे मासे सारखे नाहीयेत." त्या ऐकून हसल्या आणि म्हणाल्या, सारखे कसे असतील, एकेक काढलाय ना. फोटो काढायचे असतील तर आधी विचारा, आणि काम चालू असताना मेजाला धक्का लागणार नाही एवढ्या अंतरावर बसा.

हाताने रंगवलेलं पान ओळखायची खूणही हीच. बाजारात छापील गंजिफाही आहेत, किल्लीला अडकवायच्या, चहाच्या कपाखाली ठेवायच्या. भेट द्यायला त्या छानच, पण संग्रहासाठी घेताना भिंगातून बघा. छापील पानावर बारीक ठिपक्यांची जाळी दिसते आणि सगळे मासे जुळे असतात. हाताच्या पानावर रेघ जिथे संपते तिथे कुंचल्याचं टोक निमुळतं होत गेलेलं दिसतं, आणि बोट फिरवलं तर रंगाचा किंचित उठाव लागतो. नक्षीदार किनारीच्या भरगच्च कामाला दरबारी म्हणतात, साध्या मोकळ्या कामाला बाजारी. भाव त्यानुसार. पूर्ण हातरंगी संचाला काही हजार मोजावे लागतात. तेवढं नको असेल तर सुटी किंवा चौकटीत बसवलेली पानं घ्या. घासाघीस करू नका. 120 पानं हाताने रंगवायला किती बसावं लागतं हे समोर बघितल्यावर मला तरी भाव कमी करा म्हणवलं नाही.

आता माझी चूक सांगते. दुसऱ्या दिवशी गावातल्या एका दुकानातून आम्ही बाजारी कामाचा संच घेतला. सरकत्या झाकणाची रंगवलेली पेटी, आत पानं नीट रचलेली. 120 आहेत ना विचारलं, हो म्हणाले, आम्ही पैसे देऊन निघालो. रात्री खोलीवर पलंगावर मांडली. दहा ओळी, प्रत्येकी बारा. मोजणी बरोबर 120. भाचा मात्र मत्स्याच्या ओळीवर अडला. सत्ती दोन होत्या आणि अठ्ठी नव्हतीच. सात मासे आणि आठ मासे पेटीत एकावर एक असताना पटकन वेगळे दिसत नाहीत. तो रडवेला झाला, कारण एक पान चुकलं की तो संच नव्हेच, हे त्याला पोकेमॉनच्या फोल्डरांनी शिकवलं आहे. सकाळी दुकान उघडताच गेलो. त्यांनी वाद न घालता दुसऱ्या संचातून अठ्ठी काढून दिली. पण त्या संचाची किनार जरा जाड होती, आणि ती अठ्ठी आजही ओळीत वेगळी दिसते. शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी सगळं बघून सांगितलं, "थंयच मोजून घेवा, ताईनू. मागीर परत येवक होया." तेव्हा दुकानातच बसा, रंगवार ओळी लावा, प्रत्येक ओळ एक्क्यापासून राजापर्यंत तपासा, आणि सगळ्या पानांची किनार एकाच हातची आहे का ते बघा. वीस मिनिटं लागतात. चांगला दुकानदार चटई देतो.

मनातला संच तयार नसेल तर सांगून करून घेता येतो. किती दिवस लागतील ते आधी विचारा आणि मुदतीच्या मागे लागू नका.

चितारआळीसाठी अर्धा दिवस ठेवा. लाकडी फळांसाठी सावंतवाडी आधीच प्रसिद्ध आहे: आंबा, केळी, सीताफळ, फोडलेला फणस. शिवाय भातुकली, भोवरे, पोळपाट-लाटणी, पाट, पाळणे. पूर्वी हे काम पांगाऱ्याच्या हलक्या लाकडात व्हायचं, आता इतर लाकडं आणि तयार फळ्याही वापरतात. म्हणून वस्तू हातात घेऊन वजन बघा, कशाची आहे ते सरळ विचारा. लपवत कुणी नाही. भातुकली घेताना झाकणं बसवून बघा. जात्याची वरची तळी फिरते का, बंबाचं झाकण निघतं का. ताईने बोटाच्या पेराएवढा पाटा-वरवंटा घेतला आणि घरी येईपर्यंत पर्समध्ये न ठेवता मुठीतच धरला होता. गंजिफा आणि लाकडी काम, दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं आहे. खरेदीची पावती मागून घ्या, संग्रहात वस्तूइतकीच ती जपा.

तिसऱ्या दिवशी कुडाळजवळ पिंगुळीला गेलो. ठाकर समाजाच्या चित्रकथीचं आणि कळसूत्री बाहुल्यांचं हे गाव. परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्या कुटुंबाने गोठ्यालाच संग्रहालयाचं रूप दिलं आहे. इथे चित्रांचा संच असतो त्याला पोथी म्हणतात. रामायण-महाभारतातला एकेक प्रसंग एकेका कागदावर, आणि गाऊन सांगताना चित्रं क्रमाने पुढे येतात. क्रम मोडला तर कथाच मोडते. जाण्याआधी फोन करा, म्हणजे खेळ बघायला मिळेल. नुसतं बघून परतायचं असेल तर गेला नाहीत तरी चालेल; पिंगुळी ऐकायची जागा आहे.

समुद्रही झाला. वेंगुर्ल्याला एसटीने जाता येतं, सागरेश्वरच्या किनाऱ्यावर संध्याकाळ घालवली, बांगडा आणि सोलकढी जेवलो.

घरी आणल्यावर सांभाळायचं कसं, तेही सांगते. लाखेच्या रोगणाला ऊन आणि दमट हवा दोन्ही मानवत नाहीत. रोज वापरात नसतील तेव्हा मी दोन पानांमध्ये बटर पेपरच्या गोल चकत्या घालते, पेटी सुती कापडात बांधते आणि सिलिका जेलची पुडी पेटीबाहेर, कपड्याच्या आत ठेवते. कार्डांचे प्लास्टिकचे खिसे इथे नकोत, रोगण चिकटतं. पुसायचं कोरड्या मऊ कापडानेच.

परतीला दिवसाची मांडवी एक्सप्रेस घेतली, कारण तिघांना 40-40 पानं वाटून खेळायचं होतं. खेळाचा नियम असा की दिवसा ज्याच्याकडे राम त्याची पहिली उतारी, रात्री ज्याच्याकडे कृष्ण त्याची. शिवाय निम्म्या रंगांत दश्शी मोठी, निम्म्यांत एक्का, त्यामुळे पहिला डाव नुसता समजून घेण्यातच गेला. चाळीस गोल पानं हातात राहत नाहीत. मांडीवर रंगवार ढीग लावा. दुपारभर राम भाच्याकडेच येत होता. माणगावच्या पुढे डब्यातले दिवे लागले, त्याने खिडकीबाहेर वाकून आभाळ बघितलं, रामाचं पान खाली ठेवलं आणि विचारलं, "कृष्ण कुणाकडे आहे?"