आईबरोबर खाडीखाडीने

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, तिचे दोन्ही गुडघे दुखतात आणि रक्तदाबाच्या गोळीमुळे तिला वारंवार लघवीला जावे लागते. हे सारे गृहीत धरून हरिहरेश्वर ते रत्नागिरी असा किनाऱ्याचा प्रवास आखताना मी प्रेक्षणीय स्थळांची यादी आधी निम्मी केली आणि मगच नकाशा उघडला. म्हाताऱ्या माणसाला घेऊन निघालेल्यांनी 'काय काय पाहून झाले' हा हिशेब घरीच ठेवावा, असे माझे ठाम मत आहे.

किनाऱ्याचा रस्ता मी निवडला तो मुख्यतः खाड्यांसाठी. बागमांडल्याहून वेसवीला, दाभोळहून धोपाव्याला आणि तवसाळहून जयगडला फेरीबोटी जातात. गाडी थेट बोटीवर चढते, म्हणून वाहन बदलावे लागत नाही आणि सामान उचलावे लागत नाही. बोट नसती तर बागमांडल्याहून म्हाप्रळच्या पुलावरून आणि दाभोळहून चिपळूणमार्गे लांबचा वळसा पडला असता. पण अंतर वाचते यापेक्षाही मला महत्त्वाचे वाटते ते हे की, डोंगर, बंदर, होड्या, माडांच्या बागा असे सगळे दृश्य बसल्या माणसासमोर आपण होऊन येते आणि त्यासाठी त्याला एक पायरीसुद्धा चढावी लागत नाही.

बागमांडल्याला बोट सुटल्यावर मी आईला सांगितले की ही सावित्री नदी. ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे महाबळेश्वरची?" लग्नानंतर ती बाबांबरोबर महाबळेश्वरला गेली होती, तेव्हा कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचे पाणी जिथे गोमुखातून पडते, त्या पंचगंगेच्या देवळात तिने ओंजळीने तीर्थ घेतले होते. तिथून कृष्णा पूर्वेला निघते आणि बंगालच्या उपसागराला मिळते, तर सावित्री पश्चिमेला उतरून महाडवरून येत इथे बाणकोटपाशी अरबी समुद्राला मिळते. हे आईला ठाऊक होते, परंतु नदीचे हे टोक तिने पाहिले नव्हते. मग पलीकडचा धक्का येईपर्यंत ती खिडकीची काच खाली करून पाण्याकडे बघत बाबांविषयी बोलत होती. त्यांना घाटात गाडी लागत असे, ते वाटेत लिंबू चोखत बसत, ही माहिती मला नवीन होती. घरी स्वयंपाक, औषधे आणि दूरदर्शनच्या मालिका यांच्या मध्ये असे बोलणे कधी निघत नाही.

देवळे आम्ही पायऱ्या पाहून ठरवली. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला आता गाडी वरपर्यंत जाते, म्हणून तिथे गेलो. गुहागरचे व्याडेश्वराचे देऊळ गावातच आहे, त्यामुळे तिथे आई निवांत बसली. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा मात्र पायऱ्या उतरून समुद्राकाठच्या खडकांवरून जाते. भरतीच्या वेळी ती तरण्या माणसालाही धोक्याची असते, म्हणून आम्ही देवाला बाहेरूनच वळसा घातला. हेदवीची बामणघळ, म्हणजे समुद्राकाठच्या खडकातली अरुंद भेग, मी एकटीने पाहिली, तेव्हा आई गाडीत बसून कोकमाचे सरबत पीत होती. गणपतीपुळ्याला डोंगराभोवतीची सुमारे एक किलोमीटरची प्रदक्षिणाही तिने केली नाही आणि तिला त्याचे वाईट वाटले नाही. "देवाला माझे गुडघे माहीत आहेत," एवढेच ती म्हणाली.

ज्यांना असा प्रवास करायचा आहे त्यांच्यासाठी थोडे. गोळीची वेळ बदलायची असेल तर ती डॉक्टरांना विचारूनच बदलावी आणि लघवीच्या भीतीने पाणी पिणे कमी करू देऊ नये, कारण कोकणातल्या दमट उकाड्यात घाम फार जातो. दर तासा-दीड तासाने गाडी थांबवून दहा पावले चालवावे, म्हणजे पायांत रक्त साकळत नाही आणि सांधे आखडत नाहीत. खोली तळमजल्यावरची आणि कमोड असलेलीच हवी, हे फोनवर स्पष्ट विचारून घ्यावे, कारण 'दोनच पायऱ्या आहेत' म्हणून सांगितलेल्या एका घरी प्रत्यक्षात उंच जोते निघाले आणि आईला दोघांनी धरून चढवावे लागले. गाडीत चढायला लहानसा लाकडी पाट सोबत ठेवावा. दुपारी जेवणानंतर दोन तास झोप झालीच पाहिजे, भले एखादा किल्ला राहो.

रत्नागिरीला थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत करून या गावी आणून ठेवले. हा वाडा 1910 मध्ये बांधून झाला आणि 1916 मध्ये राजा इथेच वारला. आईने खालच्या दालनातच बसून सगळी हकीकत ऐकून घेतली आणि त्याच्या राणीचे पुढे काय झाले, असे विचारले. ती 1919 मध्ये रंगूनला परतली, हे सांगितल्यावर तिला बरे वाटले.

पुढचा टप्पा रत्नागिरी ते वेंगुर्ले असा ठरला आहे. विजयदुर्ग किल्ला तिला जमिनीवरून, गिर्ये गावाच्या बाजूने नाही, तर खाडीच्या पाण्यातून बघायचा आहे, आणि त्यासाठी तिला बसून जाता येईल अशी होडी मिळते का, याची चौकशी मी सुरू केली आहे.