भिशीचे पंच्याहत्तर हजार

बेळगावच्या वडगावात आमचं घर म्हणजे खाली चार यंत्रमाग आणि वर आम्ही. मागांची खटखट झोपेतसुद्धा कानात असते, थांबली की जाग येते. माझा जुना कॉम्प्युटर गेला तो अशाच एका थांबलेल्या रात्री. २०२३ चा पावसाळा. लाईट गेली, आली, लगेच गेली आणि परत आली. वरच्या खोलीत फट्‌ असा आवाज झाला, मग जळका वास. पॉवर सप्लाय, म्हणजे आतल्या भागांना वीज देणारा डबा, गेला आणि जाताना मदरबोर्डला, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या बोर्डाला, सोबत घेऊन गेला.

तो सप्लाय कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेला. विकणाऱ्याने तेव्हा सांगितलं होतं, "साडेचारशे वॉटचा आहे, भरपूर झाला की." हातात धरला तर चिवड्याच्या रिकाम्या डब्याएवढा हलका. पण तेव्हा मला वजनावरून काही कळत नव्हतं.

खरं तर त्या कॉम्प्युटरवर माझा राग त्याआधीपासून होता. २०१७ च्या सुरुवातीला मी इंटेलचा आय३ ६१०० प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, आणि एच११० बोर्ड घेतला. इंटेलचा आठव्या पिढीचा आय५ बाजारात आल्यावर वाटलं, सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, ११५१ च आहे, प्रोसेसर काढायचा आणि नवा बसवायचा. तसं झालं नाही. पिनांचा आकडा तोच, पण नव्या प्रोसेसरला ३०० मालिकेचाच बोर्ड लागत होता. म्हणजे बोर्डही टाका. अनगोळच्या माझ्या मित्राने २०१८ मध्ये एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या बी४५० बोर्डावर रायझन ५ २६०० प्रोसेसर घेतला होता. २०२४ मध्ये त्याच बोर्डाचा बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करून त्याने नवा ५७००एक्स३डी प्रोसेसर बसवला. बोर्ड तोच, रॅम तीच, गेम मात्र दुसऱ्याच कॉम्प्युटरवर चालल्यासारखा. त्याच्याकडून घरी आलो त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आप्पांना हे सगळं सांगितलं. त्यांना प्रोसेसर वगैरे काही कळत नाही, पण ते म्हणाले, "धोटा झिजतो, पट्टा तुटतो, मोटार जळते. मागाची चौकट माझ्या बापाच्या वेळची आहे. तू चौकटच हलकी घेतलास बघ."

जून २०२४ मध्ये माझी भिशी लागली. पंधरा जण, दर महिन्याला पाच हजार. हातात पंच्याहत्तर हजार आणि अजून भरायचे आठ हप्ते. मी उद्यमबागेत सीएनसी मशीनवर असतो, जेवणाच्या सुट्टीत जॉब कार्डाच्या मागच्या बाजूला नव्या कॉम्प्युटरचा हिशेब मांडायला लागलो. मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस जुनेच वापरायचे, हे आधीच ठरवलं.

पहिला घोळ प्लॅटफॉर्मचा, म्हणजे कुठल्या सॉकेटवर जायचं त्याचा. एएम४ वर रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड आणि जुन्या पिढीची डीडीआर४ रॅम घेतली तर तेरा-चौदा हजार वाचत होते, आणि तेवढ्यात गेमचं चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड एक पायरी वरचं येत होतं. मित्राचा आग्रह तोच. तो चुकीचं सांगत नव्हता. एकदा जोडल्यावर पाच-सहा वर्षं उघडायचाच नसेल, त्याने आजही तोच हिशेब करावा. पण एएम४ चा शेवटचा स्टॉप आलेला होता. इंटेलच्या १७०० सॉकेटवर बाराव्यापासून चौदाव्यापर्यंत पिढ्या येऊन गेल्या होत्या आणि पुढच्यासाठी नवं सॉकेट येणार हे कळलं होतं. मी एकदा पोळलेला माणूस. त्याच महिन्यात एएमडीने त्यांच्या नव्या एएम५ सॉकेटला २०२७ आणि त्यापुढेही साथ देऊ असं जाहीर केलं. कंपनीचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ नव्हे, पण एएम४ च्या वेळी त्यांनी तो पाळलेला मी मित्राच्या घरी डोळ्यांनी पाहिला होता. रायझन ५ ७६०० घेतला, अठरा हजार दोनशेला. सहा कोअर, पासष्ट वॉटचा, सोबत पंखा मिळतो. शिवाय त्याच्या पोटात छोटंसं ग्राफिक्स असतं. उद्या कार्ड बिघडलं तरी स्क्रीनवर चित्र येतं, बिघाड कशात आहे ते शोधता येतं. गेमसाठी मात्र त्याचा उपयोग नाही.

एएम५ च्या बोर्डांत ए६२० स्वस्त पडत होता. मी बी६५० घेतला, तेरा हजार नऊशे. प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग चांगला, त्यावर उष्णता खेचणारे धातूचे ठोकळे, रॅमचे चार स्लॉट, एसएसडीचे, म्हणजे साठवणीच्या डिस्कचे, दोन. आणि मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण. पेनड्राइव्हवर फाइल घालायची, बटण दाबायचं, प्रोसेसर नसतानाही बायोस अपडेट होतो. पुढे कधी नवा प्रोसेसर आणला आणि बोर्डाने तो ओळखला नाही तर दुकानात हात जोडत उभं राहायला नको.

पॉवर सप्लायवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. दुकानात लोक हसले असतील. हिशेब सरळ होता: प्रोसेसर कागदावर पासष्टचा असला तरी जास्तीत जास्त ८८ वॉट खातो, माझ्या बजेटातलं ग्राफिक्स कार्ड १३२, बाकी किरकोळ. अडीचशे-पावणेतीनशे वॉटांत गेम चालतो. तरी साडेसहाशेचा घेतला, कारण चार वर्षांनी मोठं कार्ड घालायचं तर हाच राहणार. डब्यावरची ब्राँझ-गोल्डची पट्टी फक्त वीज किती वाया जाते ते सांगते, आतला माल कसा आहे ते नाही. म्हणून मी वॉरंटीची वर्षं बघितली. पाच वर्षांची वॉरंटी देणाऱ्याने आत काहीतरी बरं घातलं असणार. सहा हजार चारशे गेले.

त्याआधी अजून एक काम केलं, त्याचा खर्च दोनशे रुपये. जुन्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लागला की मुंग्या यायच्या. आम्ही ते हसण्यावारी न्यायचो. खालची मोटार दुरुस्त करायला येणाऱ्या वायरमनमामांना दाखवलं. भिंतीवरच्या सॉकेटला तिसरं भोक होतं, मागे अर्थिंगची वायरच जोडलेली नव्हती. सात वर्षं! मामा म्हणाले, "खाली मागांना अर्थिंग बघून घेता की, वर काय देवाच्या भरवशावर?"

यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर बॅटरीवर चालवणारा डबा, दिवाळीच्या बोनसमधून आला, एक हजार व्हीएचा. तोपर्यंत लाईट फडफडायला लागली की मी गेम बंद करून गप्प बसायचो. घेताना तो खरी साईन वेव्ह, म्हणजे घरच्या लाईटसारखी गोलाईची लाट, देतो ना ते विचारून घेतलं. आजकालच्या सप्लायना स्वस्त यूपीएसची चौकोनी वेव्ह कधीकधी पचत नाही, नेमकं लाईट गेल्यावरच कॉम्प्युटर बंद पडतो. मग यूपीएस कशाला?

ग्राफिक्स कार्डाला एकवीस-बावीस हजार उरत होते. कोल्हापूरच्या एकाकडे वापरलेलं आरएक्स ६७०० एक्सटी होतं, बारा जीबीचं, वीस हजाराला. नव्या आठ जीबी कार्डाच्या पैशांत एवढं मिळतं म्हटल्यावर माझीही लाळ गळाली. मधलं गाव म्हणून निपाणीच्या स्टँडवर भेटायचं ठरलं. तो एसटीतून उतरला, मी आमच्या बसमधून. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं कार्ड त्याने बाकावर उघडलं. स्क्रूवरचं वॉरंटीचं स्टिकर फाटलेलं, एक पंखा बोटाने फिरवला तर घरघर. मी म्हटलं, कुठल्यातरी कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊ, अर्धा तास लोड देऊन बघू, दुकानदाराचे पैसे मी देतो. त्याला अचानक परतीच्या गाडीची घाई झाली. इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे ग्राफिक्स कार्डं राबवून ते कमावणं, सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झाल्यावर रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात ढिगाने आली. मायनिंगचं कार्ड वाईटच असतं असं नाही, पण चालवून न दाखवणाऱ्याचं मी घेणार नाही. चहा प्यायलो आणि परत आलो. इथल्याच दुकानातून नवीन आरएक्स ६६०० घेतलं, एकवीस हजार दोनशेला. माझा मॉनिटर फुल एचडी, ७५ हर्ट्‌झचा. त्याला ते पुरतं. कार्ड ही काही चौकट नव्हे, हा धोटा आहे असं स्वतःला समजावलं.

सगळा माल बेळगावातच घेतला. बेंगळूरला एसपी रोडच्या कॉम्प्युटर बाजारात दोन-तीन हजार वाचले असते. पण राणी चन्नम्मा एक्सप्रेसचं तिकीट, एक सुट्टी आणि नंतर बिघाड झाला तर तोच डबा घेऊन परत वारी. इथे पक्कं बिल घेतलं, प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर बिलावर लिहून घेतला.

कॅबिनेटची काच आणि रंगीत दिवे मी बघितलेच नाहीत. आमच्या घरात धाग्याचं तूस उडतं. जुन्या कॉम्प्युटरचे पंखे महिन्यात पांढरे व्हायचे. पुढे जाळी, तिच्यामागे काढून धुता येणारा फिल्टर, सप्लायच्या खालीही फिल्टर, एवढंच विचारलं. चार हजार तीनशे. एक टीबीच्या एसएसडीबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही, पाच हजार नऊशेला मिळाली.

राहिली रॅम, आणि इथेच मी शहाणपणा केला. दोन काड्या बसवल्या तर ड्युएल चॅनेल चालतं, म्हणजे प्रोसेसर दोन्हींशी एकदम बोलतो, गेमला फरक पडतो, हे मला माहीत होतं. पण सोळा जीबीची एकच काडी चार हजार सहाशेला मिळत होती. आत्ता सोळा, वर्षभराने अजून एक सोळा, बत्तीस होतील. आठच्या दोन घेतल्या तर पुढे त्या टाकाव्या लागतील, कारण या बोर्डांवर चारही स्लॉट भरले की रॅमचा वेग उतरतो. एवढं सगळं बरोबर. वर्षभराने भाव काय असेल, हा कॉलम मात्र माझ्या जॉब कार्डावर नव्हता.

एकूण चौऱ्याहत्तर हजार पाचशे. उरलेल्या पाचशेतून घरच्यांना कुंदा आणला.

रविवारी जोडायला बसलो. बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी. एक मिनिट, दोन मिनिटं. आई दारात उभी राहून म्हणाली, "गेले काय रे पैसे?" मी प्लग काढायला हात घातलाच होता, तेवढ्यात मित्राचा फोन आला. म्हणाला, "हात लावू नकोस. ही नवी डीडीआर५ रॅम पहिल्यांदा स्वतःला जुळवून घेते, वेळ लागतो." आणखी थोडा वेळ गेला, मग बोर्डाचं नाव झळकलं. ती मिनिटं मी कशी काढली ते मलाच ठाऊक.

दीड वर्षं झाली. दोन पावसाळे निघाले, सप्लाय ठणठणीत आहे. व्हॅलोरंट हा गेम मॉनिटरला झेपेल त्याहून जास्त फ्रेम देतो. जड गेममध्ये मात्र मधूनच झटके बसतात, एका काडीचे. २०२५ च्या डिसेंबरमध्ये दुसरी घ्यायला गेलो, तर तीच सोळाची काडी मी दिलेल्या पैशांच्या दुपटीहून वर. सगळ्या जगातली रॅम एआयवाल्यांच्या डेटा सेंटरकडे चालली आहे म्हणे. दुकानदार म्हणाला, "तेव्हाच घ्यायची की." मी काय बोलणार? न घेता परत आलो.

परवा फिल्टर धुवायला कॅबिनेट उघडलं. रॅमच्या रिकाम्या स्लॉटवर तुसाची बारीक रेघ बसली होती. आप्पांचा मागाचा ब्रश आणला, झाडली, आणि झाकण लावलं.